मोडनिंब आणि दुय्यम भाषेचा प्रश्न

माढे तालुक्यातील मौजे मोडनिंब हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील बाजाराचे गाव असले, तरी विद्येच्या दृष्टीने त्याचे दैव दीर्घकाळ जोडले गेले ते कुर्डुवाडी स्थानकाशी. कारण बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोहोचल्यावर, वारकऱ्यांच्या त्या गर्दीतूनच कुर्डुवाडी गाठून मोठ्या रुळांच्या गाडीने पुण्यामुंबईकडे रवाना होण्याची सोय या मुलखातील मुलांना झाली. पुढे गेल्यावर मात्र, मुख्य विषयाखेरीज दुय्यम भाषा कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहत असे.

या प्रश्नाला मुंबई विद्यापीठाइतकाच, म्हणजे १८५७ पासूनचा, इतिहास आहे. परीक्षार्थ्याने इंग्रजीबरोबर एखादी अभिजात भाषा घ्यावी, असा तेथील दंडक. त्यामुळे संस्कृत, लॅटिन, फारसी यांना मान मिळाला आणि खुद्द मराठी उच्च परीक्षांतून बाहेर पडली, ती न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १९०१ च्या सुमारास एम.ए.च्या दाराने परत आली. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते, त्यानेच त्यांच्या मातृभाषेला इतकी वर्षे तिष्ठत ठेवावे, हा विरोधाभास विलक्षणच म्हटला पाहिजे! निवड नावालाच मोकळी होती. घराण्याची परंपरा, गुणांचा हिशेब आणि शिकवणारा कोण, या तीन गोष्टी विद्यार्थ्याची आवड बहुधा बाजूस सारीत. अर्धमागधी या प्राकृत भाषेचेच पाहा: ती सोपी म्हणून घेणारे कमी नसतील, पण १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आ. ने. उपाध्ये यांच्यासारखा पंडित ती शिकवू लागल्यावर त्या दुय्यम मानलेल्या विषयातून प्राकृत संशोधनाची भक्कम परंपरा उभी राहिली.

परकीय भाषांपैकी स्पॅनिशची गोष्ट निराळी. जिच्यात एक नामांकित मराठी अध्यापक कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाविना तयार झाला, अशी ही भाषा. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतून परागंदा होऊन १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करू लागले आणि तेथील मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी स्पॅनिशमधून लिहिले. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. जी भाषा खानखोज्यांना परिस्थितीने शिकवली, ती आपल्या मुलांना तासिकेत बसून शिकता यावी, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

परंतु आमच्याकडे परकीय भाषा म्हणजे आधी फ्रेंच आणि जर्मन. स्पॅनिश त्यांच्या मागून आली, आणि तीही पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी. मोडनिंबचे विद्यापीठ मात्र बदलत राहिले: मुंबईचे दप्तर १९४९ मध्ये पुण्यास, १९६२ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आणि २००४ मध्ये सोलापुरास आले. प्रत्येक तजविजीने कचेरी जवळ आली, प्रवेशअर्ज आणि गुणपत्रक यांसाठीचे हेलपाटे कमी झाले. परकीय भाषांचे अध्यापक मात्र बहुतांशी पुण्यामुंबईकडेच राहिले, आणि प्रशासन जवळ आले म्हणजे विद्या जवळ आली असे समजण्याची आपली सवय यात उघडी पडते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांची, रचना सुरू झाली आहे. डाळिंबे-द्राक्षे परदेशी धाडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या वाणिज्य विद्यार्थ्याने मायनर म्हणून स्पॅनिश मागितली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. जुन्या परीक्षांचा इतिहास पाहता विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना एवढीच विनंती करावीशी वाटते, की विषयांच्या यादीत भाषेचे नाव छापण्यापूर्वी तिच्या अध्यापकाची नेमणूक करावी.