जुन्या घरातील मोरीचा वास : शोध कोठून सुरू करावा?

धाराशिव (प्रतिनिधी) : फिनेल ओतून झाले, डांबरगोळ्या टाकून झाल्या, मोरीची फरशी घासून झाली, तरी संध्याकाळ झाली की घरात तोच कुबट वास पसरतो. जुन्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची ही नेहमीची तक्रार आहे. वास घाणीचा आहे, असे गृहीत धरून स्वच्छतेवर भर दिला जातो. प्रत्यक्षात अशा घरांतील मोरी पुष्कळदा स्वच्छच असते. वास येतो तो जमिनीखालच्या नळीतून अथवा बाहेरच्या नालीतून, आणि त्याला घरात येण्यासाठी कोठे तरी वाट मोकळी मिळालेली असते. ती वाट सापडेपर्यंत फिनेलचा खर्च व्यर्थ होय.

ही वाट अडवण्याचे काम एरवी पाणीच करते. मोरी, बेसिन किंवा संडासाच्या भांड्याखाली नळीला जो बाक दिलेला असतो, त्यात थोडे पाणी कायम साचून राहते. यालाच जलबंध म्हणतात. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने 1775 मध्ये इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या बाकाच्या नळीचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून जगभर हीच युक्ती चालत आली आहे. मोरीच्या जाळीखालील सापळ्याला आपल्याकडचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीघराचा हा शब्द अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच शिरला आहे. या सापळ्यात साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी उभे असावे लागते. घर आणि गटार यांच्यामध्ये अडसर असतो तो एवढाच.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा अडसर टिकवणेच अवघड. नळाला रोज पाणी न येणे येथे नवे नाही. 2015-16 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा काळात अंघोळीचे पाणी झाडांना, भांड्यांचे पाणी संडासाला अशी काटकसर घरोघरी होते. ती योग्यच आहे. परंतु त्यामुळे वापरात नसलेली मोरी, पाहुण्यांचे न्हाणीघर, गच्चीवरील जाळी येथील सापळे कोरडे पडतात. उन्हाळ्याच्या कडक उन्हात दोन इंच पाणी वाळायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून वासाचा शोध घेताना पहिले काम सोपे आणि बिनखर्चाचे ठेवावे. घरातील प्रत्येक जाळीत, वापर असो वा नसो, दोन तांबे पाणी ओतावे आणि एक दिवस थांबावे. वास गेला तर कारण कळले. सुटीत गावी जाताना पाण्यानंतर दोन चमचे खाद्यतेल ओतले, तर त्याचा पातळ थर पाण्यावर राहतो आणि बाष्पीभवन मंदावते.

पाणी ओतूनही वास राहिला, तर जाळी उचलून खाली पाहावे. जुन्या घरांत जाळीखाली घंटेसारखी उपडी वाटी असते. पाणी तुंबते म्हणून कोणी तरी ती कधी काळी काढून ठेवलेली असते. वाटी नाही म्हणजे जलबंध नाही. पाणी झपाझप जाते खरे, पण वासही तितक्याच झपाट्याने वर येतो. माळवदाच्या जुन्या घरांत तर मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून थेट समोरच्या नालीत सोडलेले असते आणि तेथे सापळा मुळातच नसतो. मोरीला पुढे टाइल्स बसल्या, नळ आले, तरी ते भोक तसेच राहते. येथे उपाय एकच : गवंड्याकडून मोरी फोडून सापळा बसवून घेणे.

वेळ पाहावी, मग जागा

वास केव्हा येतो, याची चार-आठ दिवस टिपणे ठेवल्यास निम्मे काम होते. वरच्या मजल्यावर बादली रिकामी केली अथवा संडासात पाणी सोडले की खालच्या मोरीत गुडगुड आवाज येऊन मागोमाग वास येत असेल, तर दोष सापळ्याचा नसून हवेचा आहे. नळीतून वेगाने जाणारे पाणी मागची हवा ओढते. तिला वरून हवा मिळाली नाही, तर ती सापळ्यातले पाणी ओढून नेते. यासाठीच वायुनळी गच्चीच्या वर नेलेली असते. तिच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे, गांधीलमाशीचे पोळे किंवा तुटलेली टोपी आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. याहून नेहमीचा प्रकार म्हणजे वाढीव बांधकाम. घर एकमजली होते तेव्हा वायुनळी छताच्या वर होती; पुढे मजला चढला आणि नळीचे तोंड नव्या खोलीच्या खिडकीशेजारी आले. संध्याकाळी वारा पडला की त्या खोलीत वास कोंडतो आणि दोष मात्र खालच्या मोरीला दिला जातो. वायुनळीचे तोंड छताच्या वर सुमारे 2 मीटर असावे आणि खिडकीपासून दूर असावे.

पहिल्या पावसानंतर वास वाढत असेल, तर संशय जमिनीखाली घ्यावा. काळ्या मातीवरील घरांत हा त्रास अधिक. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यातून गेलेल्या भाजलेल्या मातीच्या जुन्या पाइपांचे सांधे हळूहळू सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचे धक्के सोसलेल्या घरांत भिंतींच्या भेगा बुजवल्या गेल्या असतील. फरशीखालचे सांधेही एकदा तपासून घेणे शहाणपणाचे. घुशींचाही विसर पडू नये. फुटक्या सांध्याशी घुशीने बीळ केले की नालीतला वायू थेट देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या फरशीखाली निघतो. नव्या फरशीखाली गाडली गेलेली जुनी मोरी हाही असाच एक फसवा उगम आहे. फरशी बसते, नळी मात्र नीट बुजवलेली नसते. घरातील वडीलधाऱ्यांना पूर्वी मोरी कोठे होती, हे विचारावे. नकाशापेक्षा त्यांची आठवण अधिक उपयोगी पडते.

फरशी फोडण्याआधी एक जुनी परीक्षा करून पाहावी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील आरोग्य निरीक्षक ती वापरत. सर्व सापळे पाण्याने भरून, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. एकाने वरच्या मजल्यावरील संडासाच्या भांड्यात किंवा गच्चीवरील वायुनळीत दोन-तीन चमचे पुदिन्याचे तेल आणि मागोमाग बादलीभर गरम पाणी ओतावे. तेल भांड्यात ओतले असेल तर त्या खोलीचे दार लगेच लावून घ्यावे. दुसऱ्याने खाली खोल्याखोल्यांतून हुंगत फिरावे. पुदिन्याचा वास जेथे निघेल, तेथे गळती जवळ आहे. ओतणाऱ्याने तासभर घरात येऊ नये, कारण त्याच्या हाताचाच वास सर्वत्र पसरतो. हुंगणाराही शक्यतो बाहेरचा असावा. रोजच्या वासाची नाकाला सवय होते आणि घरच्या माणसाला तो जाणवेनासा होतो. वायू शोधण्यासाठी उदबत्ती किंवा काडी पेटवून चेंबरजवळ नेण्याची काही जणांना सवय असते. ती घातक आहे, कारण तेथे मिथेन असू शकतो.

नाकावर विसंबू नये

नालीच्या वासातील कुजक्या अंड्यासारखा दर्प हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी असताना तो नाकाला कळतो. मात्र प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले, की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे म्हणूनच समजू नये. स्वयंपाकघरातील वास नालीचाच आहे, हेही आधी पडताळावे. गॅस सिलिंडरमध्ये ओळखीसाठी मिसळलेला दर्पही कुजट असतो, शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत व मोरीकडे उतरतो. शंका आली तर विजेचे बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत व बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणेही टाळावे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ॲसिडचा सततचा मारा सेप्टिक टाकीतील जिवाणूंनाही मारतो आणि वास उलट वाढतो.

सेप्टिक टाकी दोन ते तीन वर्षांनी रिकामी करणे अपेक्षित आहे. जुन्या घरांत ती कोठे आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. टाकी भरली असल्यास उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. माणूस आत उतरवू नये, ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणूनही नाही. आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही परत येत नाही, असे वारंवार घडले आहे. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारात होणाऱ्या मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. उपसा झालेली रिकामी टाकीही निर्धोक नसते. तळाचा गाळ ढवळला गेला की वायू पुन्हा सुटतो. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, टाकी धुऊन चकचकीत करण्याचा आग्रह धरू नये. उपशानंतर काही दिवस वास राहतोच. दुरुस्ती साधली की नाही, याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.