जुनी जीप घ्यायची? आधी १५५ जीपची गोष्ट ऐका

बोलतोय वडवणीहून. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. आमचं घर बीड-परळी रोडला लागून आहे आणि सध्या उसाची वाहतूक जोरात आहे.

आजचा भाग थोडा स्वार्थाचा आहे. मला जुनी फोर बाय फोर जीप घ्यायचीय. दोन वर्षं पैसे साठवलेत, तीन लाख दहा हजार जमलेत. शेत चिंचवणच्या बाजूला आहे. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर काळ्या मातीचा असा चिखल होतो की मोटारसायकल अर्ध्यातच सोडून चालत जावं लागतं. हे झालं घरी सांगायचं कारण. खरं कारण तुम्हालाही माहितीय. रात्री अकराला मोबाईलवर एक व्हिडिओ येतो, उघडी जीप, रुंद टायर, पुढं मोठं बंपर, मागं गाणं. मग दुसरा येतो, मग तिसरा. पहाटे दोनला आपण विकणाऱ्याला नंबर मागत असतो.

मी तसा एक सौदा जवळजवळ केलाच होता. काकांनी थांबवला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वडवणी-बीड रोडला बरीच वर्षं काळी-पिवळी चालवायचे. तो किस्सा पुढं येईलच. पण त्यानंतर मी जीपचा इतिहास वाचायला बसलो आणि एक गोष्ट सापडली. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा म्हणजे जुन्या जीपची खरेदी!

साल १९४८. काश्मीरमध्ये लढाई चालू, लष्कराला गाड्या तातडीनं हव्यात. लंडनमध्ये आपले उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. त्यांनी तिथल्या एका फर्मशी करार केला. २,००० जीप, सगळ्या वापरलेल्या, दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या, एका जीपला ३०० पौंड. फर्म कसली, तिचं भांडवल हजार पौंडसुद्धा नव्हतं. तरी मोठी रक्कम आधीच देऊन टाकली. आल्या किती? १५५. त्याही लष्करानं बघितल्या आणि चालवण्याजोग्या नाहीत म्हणून नाकारल्या. तोवर १ जानेवारी १९४९ ची शस्त्रसंधीही होऊन गेली होती. प्रकरण ८० लाख रुपयांचं म्हणून संसदेत गाजलं. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी सरकारच्या बाजूनं विषय संपल्याचं जाहीर केलं आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले.

राजकारणात मला जायचं नाही. मला त्यातला व्यवहार दिसला. घाई, लांबचा विकणारा, न बघता दिलेले पैसे आणि "रिकंडिशन" हा शब्द. मी केज तालुक्यातल्या त्या माणसाला टोकन पाठवणार होतो तेव्हा माझ्याकडं यातलं सगळं होतं. फक्त काश्मीर नव्हतं.

आता थोडं मागं जाऊ. जीप जन्माला आली ती युद्धासाठी. अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना दिला, पण मोठ्या संख्येनं गाड्या बनवल्या विलीज आणि फोर्डनं. युद्धभरात सहा लाखांच्या वर. साधं इंजिन, सपाट पत्रा, पान्यांचा एक सेट असला की रस्त्यावर खोलता येईल अशी रचना. आपल्या मिस्त्री लोकांना ही गाडी इतकी का आवडते, त्याचं कारण इथंच आहे.

भारतात ती आणली महिंद्रांनी. कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. म्हणून १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढं सीजे थ्री बी हे मॉडेल आलं. उंच बॉनेटवाली जीप बघितली असेल ना? इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं, बाकी काही शैली वगैरे नाही. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद झालं. आपल्याकडं तोच साचा कितीतरी वर्षं चालला.

आमच्या भागात लहानपणी जीप म्हणजे सरकार. आजी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर धुरळा दिसला की लोक म्हणायचे, "जीप आली." आत तहसीलदार आहे की इंजिनिअर, हे नंतर कळायचं. खासगी माणसाकडं जीप म्हणजे मोठा बागायतदार, नाहीतर पुढारी.

हे बदललं डिझेलमुळं. पेट्रोलवरची जुनी जीप परवडेना. लोक त्यात ट्रॅक्टरचं किंवा दुसरं कुठलं डिझेल इंजिन बसवायला लागले. कंपनीनंही प्यूजोचा परवाना घेऊन इगतपुरीला डिझेल इंजिन बनवायला सुरुवात केली. तेच एक्सडीपी इंजिन एमएम ५४० मध्ये आलं. मग कमांडर, मार्शल, आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. लांब चासी, मागं समोरासमोर बाकडी. एसटी जिथं दिवसातून दोनदा यायची तिथं या गाड्या दर अर्ध्या तासाला यायला लागल्या. काळा-पिवळा रंग, परमिट नऊ-दहा माणसांचं आणि आत वीस. काका म्हणतात, "बसलेल्यांपेक्षा लटकलेल्यांचे पैसे जास्त यायचे." यात फुशारकी किती आणि खरं किती, ते त्यांनाच ठाऊक.

आणि इथंच माझा सौदा अडकला.

केजच्या माणसाकडची जीप फोटोत एक नंबर दिसत होती. लष्करी हिरवा रंग, बुटकी बॉडी, "ओरिजिनल ५४०, फोर बाय फोर". मागितले दोन लाख नव्वद हजार. काकांना म्हटलं, चला नुसतं बघून येऊ. काकांनी खिशात स्पीकरमधलं जुनं चुंबक टाकलं, मला टॉर्च घ्यायला लावली. तिथं गेल्यावर बॉनेटकडं बघितलंसुद्धा नाही. पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली गेले. दोन मिनिटांनी आतूनच आवाज, "इकडं ये. हात लाव हितं."

चासीला मधोमध वेल्डिंगची रेघ होती. वरून जाड काळा रंग. "ही कमांडर हाय. मधून कापून आखूड केलीय. असल्या गाडीवर मी जवानी घातली, मला सांगतो का ५४०!" चुंबक दाराच्या खालच्या बाजूला धरलं तर चिकटेना, कारण तिथं पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त. पुढच्या एक्सलला डिफरन्शियलचा गोळा होता खरा, पण इंजिनाकडून ताकद घेऊन येणारा दांडा जोडलेलाच नव्हता. आमच्याकडच्या काळी-पिवळ्या बहुतेक टू व्हील ड्राइव्ह. भंगारातून पुढचा एक्सल आणायचा, खाली लावायचा, शेजारी एक लिव्हर उभी करायची, झाली फोर बाय फोर. लिव्हर ओढली की नुसती ओढली जाते.

मग आरसी बघितली. त्यावर इंधन पेट्रोल लिहिलेलं, बॉनेटखाली डिझेल इंजिन. विकणारा म्हणाला, "दादा, आपल्याकडं कोण बघतंय?" आत्ता कुणी बघत नाही, हे खरंय. पण अपघात झाला तर विमा कंपनी बघते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करायला आरटीओत गाडी न्यावी लागते, तिथं चासी नंबर बघतात. या पासिंगची फी चारचाकीला ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ ला ती ५,००० झाली होती. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम हेच सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पक्कं केलं. आणि ते पुढचं दणकट लोखंडी बंपर, ज्यासाठी निम्मी पोरं जीप घेतात, त्यावर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढलेत.

मंडी डबवालीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हरियाणात, पंजाबच्या हद्दीवर. तिथं जुन्या जीप नव्यानं बांधून द्यायचा मोठा धंदा आहे, निम्मे व्हिडिओ तिथलेच असतात. कारागीर हुशार आहेत, वाद नाही. पण ती गाडी एमएच २३ वर आणायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि आरसीवर लिहिलेलं सगळं गाडीत जसंच्या तसं दिसायला हवं. बॉडी, इंजिन, टायर सगळं बदललेली गाडी तिथंच अडते. कुणी "व्हिंटेज करून देतो" म्हणालं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी, तीही रोज चालवायला नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर बघा.

जिप्सी मनात होती. १९८५ ला आली, पहिल्यापासून फोर बाय फोरच, त्यामुळं ती फसवणूक नाही. वजनाला हलकी, चिखलात तर फारच चांगली. लष्करानं वापरली, ताडोबात तुम्हीही बसला असाल. पण पेट्रोल पिते, आणि २०१९ च्या सुमारास बंद झाल्यापासून तिच्या किमती वेड्यासारख्या वाढल्यात. लष्कराच्या लिलावातली म्हणून कुणी देत असेल तर लिलावाचे कागद आणि नोंदणी दोन्ही हातात घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गुरखा भारी, पण माझ्या पैशात बसत नाही. २०१० नंतरची पहिली थारही नाही.

राहिली ५४०. त्यात एक्सडीपी इंजिनवाली कानाला गोड, पण पार्टसाठी फिरावं लागतं. डीआय इंजिन खडखड करतं, हादरे देतं, पण त्याच घराण्यातलं इंजिन बोलेरोत आणि पिकअपमध्ये आहे. आमच्या वडवणीत बोलेरो किती आहेत ते मोजायला बसलो तर हा भाग संपणार नाही. म्हणजे रविवारी रात्री गाडी बंद पडली तरी सोमवारी सकाळी पार्ट मिळतो. माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यांत मोठा. पत्रा सडका असला तरी चालेल, पत्रा इथं कुणीही ठोकून देतो. चासी मात्र अखंड हवी, आणि आरसीवर जे इंजिन आणि जे इंधन, तेच गाडीत हवं.

आणि टायर. मला रुंद हवे होते. काकांनी वेड्यात काढलं. काळ्या मातीत रुंद टायर वरवर तरंगतो, नक्षीत चिखल भरला की गुळगुळीत होतो. जुन्या जीपचे उंच, अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोचतात. अर्थात मुरूम असेल तर. नसेल तर रुंद काय न अरुंद काय, शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मॉडिफिकेशन म्हणून मी आता फक्त कमानपाटे, ब्रेक, वायरिंग आणि ताडपत्रीचं हूड एवढंच धरलंय. व्हिडिओ बनवण्यासारखं त्यात काही नाही, माहितीय.

काकांची स्वतःची कमांडर कर्जाचे हप्ते थकले तेव्हा गेली. ती कुठं गेली हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. केजहून परत येताना तेलगावच्या फाट्यावर चहा घेतला, तेव्हा म्हणाले, "मी खाली गेलो ते आधी बघायला, की माझीच तर नाही कापली. माझ्या चासीला मागच्या बाजूला एक ठोकर लागलेली होती." मी विचारलं, "मग?" म्हणाले, "नव्हती ती," आणि चहाचे पैसे द्यायला उठले.

येत्या रविवारी धारूरच्या अलीकडं एक ५४० बघायला चाललोय. डीआय इंजिन, एकाच मालकाची, रंग उडालेला, फोटो अगदी वाईट काढलेत. घाट उतरून चढवून बघायची असं ठरलंय. काकांनी सकाळीच निरोप पाठवलाय की पैसे आणू नको, पोतं आण.