ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं? अपग्रेड आणि लायसन्सचा गुंता समजून घ्या

विरारच्या एखाद्या वन-बीएचकेमध्ये बेडरूमचा कोपरा फोम लावून बंद केलेला असतो. आत एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक कॉम्प्युटर. हळदीची गाणी, बेंजोचे ट्रॅक, यूट्यूब चॅनेलचे व्हॉइसओव्हर असं सगळं तिथेच तयार होतं. नायगावला मालिकांचे सेट आहेत, डबिंगचे स्टुडिओ अंधेरीच्या बाजूला आहेत. लोकलचा प्रवास वाचवायचा तर घरीच रेकॉर्डिंग करून फाइल पाठवणं सोयीचं पडतं.

अशा सेटअपमध्ये माइक आणि कॉम्प्युटर मालकाचे असतात. सॉफ्टवेअरचं मात्र तसं नसतं. हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते अपग्रेडच्या दिवशी.

विकत मिळतो तो परवाना

सॉफ्टवेअरचे पैसे भरले की ते वापरण्याची परवानगी मिळते. यालाच लायसन्स म्हणतात. किती कॉम्प्युटरवर चालेल, किती काळ चालेल, पुढची आवृत्ती मिळेल की नाही, हे सगळं त्या परवान्यात लिहिलेलं असतं. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. कायदेशीर प्रत असलेल्या माणसाला नुकसान टाळण्यासाठी बॅकअप प्रत ठेवण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. ती प्रत मित्राला देण्याची मुभा मात्र नाही.

लायसन्सचे मुख्य प्रकार

एकदाच पैसे, कायमचा वापर: याला परपेच्युअल लायसन्स म्हणतात. घेतलेली आवृत्ती कायम वापरता येते, पण पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी सहसा वेगळे पैसे लागतात. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. एफएल स्टुडिओ घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर मोफत मिळतात. रीपरचं लायसन्स दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतं. त्याचे दोन दर आहेत, ६० डॉलर आणि व्यावसायिक वापरासाठी २२५ डॉलर. ठरावीक उत्पन्नाच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकाला ६० डॉलरचं लायसन्स पुरतं.

सबस्क्रिप्शन: महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे. नवी आवृत्ती आपोआप मिळते, पण पैसे थांबले की सॉफ्टवेअरही थांबतं. अडोबी ऑडिशन २०१३ पासून याच पद्धतीवर गेलं. २०१२ ची सीएस६ ही त्याची कायमच्या लायसन्सवर मिळालेली शेवटची आवृत्ती.

मुक्त सॉफ्टवेअर: ऑडॅसिटी हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. २००० साली ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. वापरायला पैसे नाहीत आणि व्यावसायिक कामालाही आडकाठी नाही.

कंपनीने नियम बदलले तर?

ऑडिशनचं मूळ नाव कूल एडिट. सिंट्रिलियम या छोट्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर अडोबीने २००३ मध्ये विकत घेतलं आणि त्याचं नाव बदललं. साउंड फोर्ज सॉनिक फाउंड्रीकडून सोनीकडे आणि २०१६ मध्ये मॅजिक्सकडे गेलं. म्हणजे ज्या कंपनीकडून लायसन्स घेतलं, तीच पुढे सांभाळायला असेल याची खात्री नसते.

२०१३ च्या सुरुवातीला आणखी एक गोंधळ झाला. अडोबीने सीएस२ च्या पिढीतल्या जुन्या सॉफ्टवेअरचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले. जुने ग्राहक अडकू नयेत म्हणून सर्व्हरशिवाय चालणाऱ्या प्रती आणि सिरियल नंबर वेबसाइटवर ठेवले. त्यात ऑडिशन ३ सुद्धा होतं. 'अडोबीने सॉफ्टवेअर फुकट केलं' अशी बातमी जगभर पसरली. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं: ज्यांनी आधी लायसन्स घेतलं आहे, त्यांच्यासाठीच ही सोय आहे.

वापरकर्त्यांच्या नाराजीने निर्णय फिरल्याचंही उदाहरण आहे. मार्च २०२३ मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने कायमची लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं. जगभरातले साउंड इंजिनियर भडकले. काही दिवसांतच कंपनीने माफी मागितली आणि कायमची लायसन्स पुन्हा सुरू केली.

कॉम्प्युटरच गेला तर?

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पट्ट्यात पाणी भरलं, नालासोपाऱ्यात रेल्वेरूळ बुडाले. तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरून कॉम्प्युटर बंद पडला, तर नवीन मशीन घेता येतं. लायसन्स मात्र बुडालेल्या मशीनवर ॲक्टिव्हेट झालेलं असतं.

अडोबीचं खातं एका वेळी दोन कॉम्प्युटरवर ॲक्टिव्ह ठेवता येतं. क्युबेसला पूर्वी यूएसबी डोंगल लागायचा. २०२२ च्या क्युबेस १२ पासून डोंगल गेला आणि एका लायसन्सवर तीन कॉम्प्युटर चालू लागले. जिथे जुन्या मशीनवरून साइन-आउट करणं शक्य नसतं, तिथे कंपनीच्या वेबसाइटवरच्या खात्यातून ते मशीन काढता येतं किंवा सपोर्टला लिहावं लागतं. दोन्हीसाठी नोंदवलेला ईमेल चालू हवा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर नोंदणी करून दिली असेल, तर पहिली अडचण तिथेच येते.

जुनी फाइल उघडेल का?

अपग्रेडमधला सगळ्यात महागडा धोका हाच आहे. समजा, कोणी २०१२ मध्ये आजीच्या आवाजात वाडवळी किंवा सामवेदी लग्नगीतं रेकॉर्ड केली. आजी आज नाही. प्रोजेक्ट फाइल आहे, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. आवाज डिस्कवर असूनही हाती लागत नाही.

हे कसं होतं? ऑडॅसिटीची जुनी .एयूपी फाइल म्हणजे फक्त नकाशा होता, खरा आवाज शेजारच्या 'डेटा' फोल्डरमध्ये असायचा. अनेकांनी फक्त ती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि आवाज मागेच राहिला. मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच .एयूपी३ फाइलमध्ये आलं. नवी आवृत्ती जुने प्रोजेक्ट उघडते, पण जुनी आवृत्ती नवे प्रोजेक्ट उघडत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट ॲप्स बंद केली, तेव्हा कित्येक जुने प्लगइन एका रात्रीत निकामी झाले.

यावर उपाय सोपा आहे. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा करून वेव्ह फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवायचा. १९९१ पासूनचा हा फॉरमॅट आजही जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर उघडतं.

क्रॅक आणि 'स्वस्त लायसन्स'

बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरणं हा कलम ६३बी खाली गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. पैसे घेऊन मिक्सिंग करणाऱ्याला ही सवलत मिळण्याची शक्यता कमी.

दुसरा धोका मालवेअरचा. जून २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने 'लाउडमायनर' उघड केलं. क्युबेस, एबलटन लाइव्ह यांसारख्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतींमधून ते पसरत होतं आणि कॉम्प्युटर गुपचूप क्रिप्टोकरन्सीच्या कामाला जुंपत होतं. संगीताचं काम करणाऱ्यांचे कॉम्प्युटर ताकदवान असतात आणि ते तापले तरी कुणाला संशय येत नाही.

सोशल मीडियावर अगदी कमी किमतीत 'वर्षभराचं ओरिजिनल लायसन्स' विकणाऱ्यांपासूनही जपून राहावं. अनेकदा ती कुठल्या तरी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या खात्यातली जागा असते. खातेधारकाने ती काढली की पैसे आणि प्रवेश दोन्ही जातात.

ऑटो-डेबिटचं काय?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे, तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. २०२२ पासून साधारण १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला दरवेळी ओटीपी लागत नाही. कार्ड बदललं, तर मात्र नवीन मंजुरी द्यावी लागते. डेडलाइनच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर बंद पडायला एवढं कारण पुरतं.

सबस्क्रिप्शन घेताना 'मासिक' आणि 'वार्षिक करार, मासिक हप्ता' यांतला फरक पाहावा. दुसऱ्या प्रकारात मध्येच सोडलं तर शुल्क लागू शकतं. सबस्क्रिप्शन रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हा प्रकार केंद्राच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' नियमावलीत बसतो. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते.

अपग्रेडचं बटण दाबण्याआधी

- बिल, सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल एका जागी लिहून ठेवावा.
- सध्याच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जपून ठेवावा.
- चालू प्रोजेक्टची प्रत आणि सगळ्या ट्रॅकच्या वेव्ह फाइल वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात.
- वापरातले प्लगइन नव्या आवृत्तीत चालतात का ते पाहावं.
- जुन्या मशीनवरून लायसन्स डीॲक्टिव्हेट करावं.
- हातात काम असताना अपग्रेड करू नये. आधी ट्रायल आवृत्ती वापरून बघावी. मात्र एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्स घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, हे लक्षात असू द्यावं.

सॉफ्टवेअर येतं, बदलतं, बंद पडतं. रेकॉर्ड केलेला आवाज पुन्हा तसाच मिळत नाही. म्हणून आधी आवाजाची वेव्ह प्रत काढावी, मग अपग्रेड करावं.