दुहेरीला पेशा मानायला लागलेला काळ

1870च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश छावणीत बॅडमिंटनच्या नियमांना आकार आला आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला गेला. तरीही केवळ दुहेरी खेळून जागतिक कीर्ती मिळवता येते, हे आपल्याला पटायला जवळपास दीड शतक जावे लागले. याचे खापर सहसा गुणवत्तेच्या अभावावर फोडले जाते. ते खरे नाही. दुहेरी हा स्वतंत्र पेशा आहे, त्याला वेगळा सराव आणि वेगळा गुरू लागतो, हे मान्य करायलाच आपण उशीर केला.

गुणवत्ता होतीच. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीइतकीच, म्हणजे सहा वेळा, पुरुष दुहेरी जिंकली; शिवाय पाच वेळा मिश्र दुहेरी. 1982च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी दुहेरीत कांस्यपदक मिळवले. पण आपल्याकडे दुहेरी हे बहुधा एकेरी खेळणाऱ्याचे जोडकाम राहिले. इंडोनेशियात तोवर वेगळी वाट मळली होती. चुन चुन आणि जोहान वाह्युदी या जोडीने 1974 ते 1980 या काळात सहा वेळा ऑल इंग्लंड जिंकली. आपल्याकडे 1980मध्ये प्रकाश पदुकोण आणि 2001मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी तीच स्पर्धा एकेरीत जिंकली. या यशाचा अभिमान रास्तच; पण मुलांपुढचा आदर्शही त्यामुळे एकेरीचाच राहिला.

मुळात हे दोन खेळ वेगळे आहेत. दुहेरीचे कोर्ट 17ऐवजी 20 फूट रुंद असते आणि सर्व्हिसची मागची रेषा अडीच फूट पुढे येते. त्यामुळे उंच, लांब सर्व्हिसचा आधार जातो आणि पहिल्या तीन-चार फटक्यांतच डावाचा कल ठरतो. जोडीदाराने सोडलेली जागा न सांगता भरणे ही सवय तर वर्षानुवर्षे एकत्र खेळूनच लागते. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी 2010मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2011मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य जिंकून दुहेरीचीही कारकीर्द होऊ शकते हे दाखवले. 2015मध्ये मलेशियाचे टॅन किम हर खास दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी मुंबईचा चिराग शेट्टी आणि अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी जमवली. दोघेही मागून स्मॅश मारणारे. म्हणून नेटजवळचा खेळ चिरागला घडवावा लागला. 2023च्या ऑक्टोबरात, हांगझोच्या आशियाई सुवर्णानंतर, ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

यावर आक्षेप येतो की हे दोन असामान्य मुलांचे यश आहे, व्यवस्थेचे नव्हे. सात्त्विकचा स्मॅश ताशी 565 किलोमीटर वेगाचा नोंदला गेला, तेव्हा देणगी नाकारता येणार नाही. पण दोन मागचे खेळाडू एकत्र आणून त्यातल्या एकाला नेटवर आणण्याचा निर्णय निसर्गाचा नव्हता, दुहेरी जाणणाऱ्या गुरूचा होता. दुसरा आक्षेप पैशाचा. जोडीचे बक्षीस एकेरीच्या बक्षिसाहून किंचितच जास्त असते आणि ते दोघांत वाटले जाते, मग पालकांनी मुलांना तिकडे का पाठवावे? हा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवण्याची जबाबदारी संघटना आणि प्रायोजकांची आहे. देशाचा हिशेब मात्र उलटा आहे. ऑलिंपिकमधल्या बॅडमिंटनच्या पाच सुवर्णपदकांपैकी तीन दुहेरीची असतात. 2022मध्ये भारताने पहिल्यांदा पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा थॉमस चषक जिंकला, तेव्हा मलेशिया आणि डेन्मार्क यांच्याविरुद्धच्या लढती 3-2 अशा सुटल्या. दोन्हींत सात्त्विक-चिरागने आपला सामना जिंकला होता. तो एक गुण नसता, तर भारत अंतिम फेरीत पोहोचलाच नसता.

म्हणून एकेरीत मागे पडलेल्याला दुहेरीत ढकलण्याची रीत आता थांबायला हवी. ज्या मुलाची नजर जोडीदाराच्या हालचालीवर सहज जाते, त्याला लहानपणीच दुहेरीचा प्रशिक्षक आणि कायमचा जोडीदार मिळावा. ज्या पुण्याने या खेळाला एकेकाळी आपले नाव दिले, तिथल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या सभागृहांतून ही सुरुवात व्हावी.