तालमीतील तसबिरी

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. व्यायामशाळेच्या भिंतीवर धूळ खात असलेली तसबीर हेही त्याच तोलाचे साधन आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, आणि पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवात, भारतीय व्यायामप्रकार जगापुढे मांडले. बर्लिनला हुतूतूचे प्रात्यक्षिकही झाले. अशा दौऱ्यांची छायाचित्रे हा देशी व्यायामपरंपरेचा पुरावाच होय.

परंतु एकटे चित्र पुरते बोलत नाही. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी दहा खंडांचा सचित्र ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला, तेव्हा चित्राला मजकुराची जोड दिली. मल्लखांबावरील पकड चित्रात दिसते. ती धरण्यापूर्वी कोणता पाय उचलावा, हे शब्दांनीच सांगावे लागते.

माणसांच्या तसबिरींचेही असेच आहे. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या सहा भारतीय खेळाडूंत आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. हे पथक धाडण्यात पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना दोराबजींनी पाहिली, आणि तेथून या विचाराने मूळ धरले. चित्रात धावपटू दिसेल. त्यामागची ही हकीकत कोणी लिहून ठेवली तरच उरेल.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी या शिष्याच्या प्रवासखर्चासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदकाचे छायाचित्र कितीही स्पष्ट असो, गुरूचे ते गहाण पडलेले घर त्यात कोठे दिसावे?

सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत गावोगावच्या तालमींत आणि शाळांत अशी चित्रे असतील. मध्ये ढाल, भोवती वीस-पंचवीस पोरे, कडेला फेटा बांधलेले वस्ताद. चौगुल्यांचे नाव ऑलिंपिकच्या दप्तरात नोंदले गेले म्हणून तरले. या पोरांची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? ओळखणारा वृद्ध मनुष्य गेला की तसबीर मुकी होते, आणि मुक्या तसबिरीला वारस उरत नाही.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. तसबीर भिंतीवरून उतरवावी, आमच्याकडील पावसाळी ओलीपासून जपावी आणि गावातील जाणत्यांपुढे ठेवावी. डावीकडून उजवीकडे एकेक नाव, साल, स्थळ व स्पर्धा विचारून वहीत टिपावी, आणि चित्राच्या मागील बाजूस मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता, लिहावी. वस्तादांबरोबरच माती मळणाऱ्या गड्याचे नावही विसरू नये. शाळेतील मुलांनी मनावर घेतले तर हे काम एका सुटीत होईल. जाणती माणसे हयात आहेत, तोवरच ते होण्यासारखे आहे.