फटफटी आणि तिचा कार्बोरेटर

सन १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडील मिठागरें, भातखाचरें व आगरी-कोळ्यांचीं गांवें यांच्या भूमीवर नवी मुंबई वसूं लागली. या नगरांत अंतरें लांब. तेव्हां जुने लोक जिला फटफटी म्हणत, त्या गाडीस मोल आलें. पुण्याजवळ आकुर्डीस बनणारी बजाजची चेतक स्कूटर १९७२ मध्यें निघाली, व तिच्यासाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसत. या सर्व वाहनांच्या पोटांतील एका लहानशा स्क्रूचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं.

प्रवाहाचा वेग वाढतो तेथें दाब उतरतो, हें तत्त्व बर्नूलीनें १७३८ मध्यें मांडलें. त्याच आधारावर १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाख यानें बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर बनविला. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. गाडी उभी असून इंजिन नुसतें चालू असतां हें प्रमाण सांभाळण्याचें काम या स्क्रूचें.

येथें एक घोटाळा आहे. कांहीं कार्बोरेटरांत हा स्क्रू हवा आंवरतो. तो घट्ट केला कीं मिश्रण पेट्रोलनें दाट होतें. कांहींत तो पेट्रोलच आंवरतो. तो घट्ट केला कीं मिश्रण विरळ होतें. स्क्रू इंजिनाच्या बाजूस असल्यास बहुधा पेट्रोलचा, गाळणीच्या बाजूस असल्यास हवेचा, ही खूण. जाणता मिस्त्री प्रथम तो हलक्या हातानें शेवटपर्यंत बसवितो, दीड-दोन फेरे मागें घेतो, इंजिन चांगलें तापूं देतो आणि मग पाव-पाव फेरा फिरवीत कान देऊन ऐकतो. ठोके सर्वांत जलद व एकसारखे पडतात तेथें हात थांबतो. जोर करणाऱ्यानें या कामास हात लावूं नये. स्क्रूचें टोंक व त्याची बैठक दोन्ही बिघडतात.

हा केवळ पेट्रोलच्या खर्चाचा प्रश्न नव्हे. दाट मिश्रण अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. म्हणून धुराच्या तपासणींत मार्च २००० अखेरपर्यंत बनलेल्या दुचाकीस ४.५ टक्के व त्यापुढील कांहीं वर्षांच्या गाड्यांस ३.५ टक्के, अशी मर्यादा घातली गेली. तपासणीपुरता स्क्रू फिरवून आंकडा उतरवितां येतो. परीक्षकापुढें वही नेटकी करणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही युक्ति!

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. पेट्रोल किती सोडावयाचें हें नव्या मोटारसायकलींत विजेचें यंत्रच ठरवूं लागलें. वाशी-बेलापूरच्या रस्त्यांवर त्यापूर्वींच्या गाड्या अद्याप धांवत आहेत. त्यांचा स्क्रू मिस्त्रीनेंच कान देऊन लावावा लागतो.