डीव्हीडीच्या दोन जाती

पांढरकवडा हे ज्याच्या कचेरीचे ठाणे, त्या केळापूर तालुक्यातही, महाराष्ट्राच्या इतर मुलखाप्रमाणेच, विवाहाचे चित्रण डीव्हीडीवर उतरवून घेण्याचा प्रघात या शतकाच्या आरंभी रुळला. आणि वधूवरांची नावे मार्करने लिहिलेली, जांभळट तळाची ती तबकडी एका संगणकात सुरळीत चालावी व दुसऱ्याने साफ नाकारावी, याचे मूळ परदेशी कारखानदारांच्या बेबनावात होते. पायोनियरने १९९७ साली ‘डीव्हीडी-आर’ आणली. फिलिप्स, सोनी आदींच्या गोटाने २००२ साली ‘डीव्हीडी+आर’ ही प्रतिस्पर्धी जात बाजारात उतरवली, आणि आरंभीचे रायटर बहुधा एकाच जातीवर लिहीत.

शिवाय तबकडीच्या आरंभी तिची जात सांगणारा सांकेतिक आकडा असे. तो अनोळखी दिसताच कित्येक जुने ड्राइव्ह, आतील मजकूर शाबूत असूनही, ती वाचीत नसत. यावर तोड म्हणून काही रायटर ‘+आर’ तबकडीवर छापील डीव्हीडी-रॉमचाच आकडा नोंदवीत, आणि ही युक्ती मला अत्यंत उपकारक वाटते. ‘फायनलाइज’ न करता, म्हणजे लेखन संपल्याची अखेरची नोंद न करता सोडलेली तबकडी तर, ज्यावर ती लिहिली त्या यंत्राखेरीज, अन्यत्र क्वचितच उघडे. आणि ज्या घरी ती एकुलती प्रत, तेथे ही उणीव मी निव्वळ तांत्रिक न समजता कौटुंबिक हानीच समजतो.